झाकणाच्या आतली खूण

ताई : मी भांडायला आले नाही, मिस्त्री. पोलीस नाही, वकील नाही. मी आणि हे इंजिन, एवढेच आलोय. मला एकच सांगा. अण्णांच्या गाडीचं मूळ इंजिन तुम्ही कोणाला विकलंत?

मिस्त्री : आधी बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डळमळतो. खुर्ची घ्या.

ताई : मी उभीच बरी आहे.

मिस्त्री : बारा वर्षांनी चोराच्या घरी आलात. चोराला निदान पाणी तरी विचारू द्या.

ताई : मी चोर म्हटलं नाही.

मिस्त्री : इंजिन कोणाला विकलंत, असं विचारलंत. मालकाचं इंजिन परस्पर विकणाऱ्याला दुसरं काय म्हणतात, तुम्हीच सांगा. तुम्ही शिकवता ना पोरांना तंत्रशाळेत?

ताई : बरं, तसं समजा. पण माझ्या मनात आता राग नाही. अण्णा जाऊन आठ महिने झाले.

मिस्त्री : कळलं मला. कोणी कळवलं नाही, पण कळलं. एक ट्रकवाला गिअरबॉक्स घेऊन आला होता, तो म्हणाला.

ताई : तुम्ही आला नाहीत.

मिस्त्री : कोणाला भेटायला येणार होतो? जे भेटायला हवे होते ते आडवे झाले होते.

ताई : वाटणी त्यांनी आधीच करून ठेवली होती. गॅरेज धाकट्या भावाला आणि गाडी मला. तो रांगत होता तेव्हा माझ्या हातात पाना होता. त्याला बेअरिंग आणि बुश यातला फरक कळायच्या आधी मी गिअरबॉक्स उतरवत होते. तरी गॅरेज त्याला. मला ती करडी गाडी, आणि तिच्यात हे दुसऱ्याच कुणाचं इंजिन. मला ते मूळ इंजिन परत आणायचंय. ज्याच्याकडे असेल त्याच्या पाया पडेन, पण ते आणून माझ्या हाताने बसवेन. माझ्या वाट्याला आलंय ते तरी खरं असू दे.

मिस्त्री : गाडी खरी करायची म्हणून माझ्याकडे आलात.

ताई : हो.

मिस्त्री : मग हे इंजिन उघडून का आणलंत? हेड काढलेलं, तेलाचं पातेलं काढलेलं. नुसतं विचारायचं होतं तर हात हलवत येता आलं असतं.

ताई : तुम्ही कबूल होणार नाही असं वाटलं. म्हटलं समोर ठेवावं. समोर असलं की माणूस खोटं बोलत नाही, असं अण्णा म्हणायचे.

मिस्त्री : अण्णा बरंच काही म्हणायचे. सरका जरा, उजेड येऊ द्या. मी गेली बारा वर्षं फक्त गिअरबॉक्स करतो. माहितेय का?

ताई : ऐकलंय.

मिस्त्री : इंजिन मला कोणी देत नाही. इंजिनावर नंबर असतो, मालकाचा जीव त्या नंबरात असतो. नंबर बदलणाऱ्याच्या हातात इंजिन कोण देईल? गिअरबॉक्स चालतो. त्याला कोणी ओळखत नाही. रात्रंदिवस इंजिनात हात घातलेला माणूस मी, आता दात मोजत बसतो. बघू द्या मला. खूप दिवसांनी आलंय इंजिन घरात.

ताई : बघा.

मिस्त्री : तुम्हीच बघा आणि मला सांगा. शिकवलेलं राहिलंय का बघू. ही नंबर ठोकायची सपाट जागा. काय दिसतं?

ताई : कारखान्यात ही जागा मशिनवर घासतात, त्याच्या केसासारख्या सरळ रेघा राहतात. इथे त्या नाहीत. कानशीचे आडवेतिडवे ओरखडे आहेत. जुना नंबर घासलाय आणि अण्णांच्या गाडीचा ठोकलाय. सात खाली घसरलाय.

मिस्त्री : आणि सहा?

ताई : सहाचं पोट तुटकं आहे. हे अण्णांच्या ड्रॉवरमधल्या, नंबर ठोकायच्या पंचांनी ठोकलंय. म्हणूनच सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं, मिस्त्री. अण्णा मांडीचं हाड मोडून चार महिने घरी पडून होते. ड्रॉवरच्या चाव्या तुमच्याकडे होत्या.

मिस्त्री : चाव्या खिळ्याला होत्या. खिळा माझ्या टेबलावर होता. पुढे चला. ही ब्लॉकची कूस. ही उठावाची अक्षरं वाचा.

ताई : ही ओतकामातली आहेत. साच्यातून आलेली.

मिस्त्री : म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. ठोकलेला नंबर कोणीही बदलेल. ओतलेला बदलायचा तर लोखंडच वितळवायला हवं. काय म्हणतात अक्षरं?

ताई : डिलिव्हरी व्हॅनचं इंजिन. बेकरीवाल्यांकडे असायच्या तसल्या. ब्लॉक तोच, पण दाब कमी. ओझं ओढायला केलेलं.

मिस्त्री : भावंडंच आहेत दोघं. एकाला शाळेत घातलं, दुसऱ्याला हमालीला. बाहेरून कोणाला कळत नाही. पण व्हॅनचं इंजिन आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सला नुसतं बोल्ट लावून जुळत नाही. का?

ताई : गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात बसतं. व्हॅनच्या क्रँकचं भोक मोठं. मधे पितळेचं बुश घालावं लागतं.

मिस्त्री : ते विकत मिळत नाही. कोणीतरी लेथवर बसून काढलंय. ते बाहेर काढू. भोकात ग्रीस भरा, गच्च. हा दांडा ठेवा. आता ठोका. हळू नको, एक नीट घाव.

ताई : निघालं.

मिस्त्री : ग्रीसवर जोर दिला की मागचं आपोआप पुढे येतं. पुसा. उजेडाकडे धरा. काय दिसतं?

ताई : बाहेरून लाटा आहेत. हत्यार थरथरलंय लेथवर.

मिस्त्री : आपल्या गॅरेजात कोणाचं हत्यार थरथरायचं?

ताई : नका, मिस्त्री. बोथट हत्याराने कोणीही काम केलं तरी अशा लाटा येतात.

मिस्त्री : येतात. पण मी आयुष्यात बोथट हत्यार लेथला लावलं नाही. तुम्हीही नाही. धार लावायचा कंटाळा एकालाच होता.

ताई : त्याचं नाव घेऊन तुम्ही सुटू बघताय.

मिस्त्री : मी सुटू बघत नाही. सुटायचं वय गेलं. मी फक्त बुश दाखवलं. तो पाना द्या.

ताई : याच्यावर अजून गोल आहे. कानशीने कोरलेला.

मिस्त्री : अण्णांनी दिलेली खूण. हत्यारं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. माझा गोल, तुमचं अधिकचं चिन्ह, धाकट्याचा त्रिकोण, त्यांच्या स्वतःच्या दोन रेघा.

ताई : नुसती हत्यारांवर नव्हती ती खूण.

मिस्त्री : नाही. झाकणांच्या आतही.

ताई : मला अजून आठवतं. सतरा वर्षांची होते, एका गिअरबॉक्सचं ऑइल सील उलटं बसवलं. अण्णा ओरडले नाहीत. वर्षभराने तोच गिअरबॉक्स परत आला, मी झाकण काढलं तर आत माझं अधिक कोरलेलं, खाली तारीख, त्याखाली दोन रेघा. चूक कोणाची, कधी सापडली, दुरुस्त कोणी केली. बस. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. त्यापेक्षा चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्री : तीच त्यांची रीत. आत लिहायचं आणि बाहेर ब्र काढायचा नाही. लोक म्हणायचे काय थोर माणूस, आवाज चढवत नाही. हे पुढचं टायमिंगचं झाकण का नाही काढलंत?

ताई : पुलीचा नट निघेना. दोन दिवस तेल सोडलं, निघाला नाही. म्हटलं त्यात काय बघायचंय, चेन आणि दोन चाकं.

मिस्त्री : खाली वाका. झाकणाच्या कडेचं पॅकिंग बघा.

ताई : बुचाचं आहे. हाताने कापलेलं. बाकी सगळीकडे कंपनीचं कागदी आहे.

मिस्त्री : बुचाचा ताव झाकणावर ठेवून हातोडीने कडेकडेने टकटक करत कोण कापायचं?

ताई : अण्णा.

मिस्त्री : म्हणजे हे इंजिन गाडीत बसल्यानंतर अण्णांनी हे झाकण उघडलं होतं. मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा तिथे नसणार. पुली ओढायला पुलर आणतो.

भाऊ : ताई, अगं तू इथे काय करतेयस? टेम्पोवाला आपलाच माणूस, त्याने सांगितलं म्हणून धावत आलो. नमस्कार, मिस्त्री. तब्येत बरी दिसतेय.

मिस्त्री : दार उघडंच असतं. या.

भाऊ : असं बघ ताई, मी तुला म्हटलं होतं ना, अण्णांच्या गाडीला मी सुंदर इंजिन देतो. माझ्या गोडाऊनमध्ये बाहेरून आलेली पंचवीस इंजिनं पडलीयेत. एकदम चकाचक. बोट ठेव, तुझं. हे भंगार घेऊन दारोदार फिरायची तुला काय गरज? आणि तेही यांच्या दारात. सॉरी हं मिस्त्री, पण खरं ते खरं.

ताई : हे बुश तू काढलंस?

भाऊ : कसलं बुश?

ताई : हे. लाटा आलेलं.

भाऊ : तुला सांगतो, बारा वर्षांपूर्वीचं एक पितळेचं कडं कोणी काढलं हे देवसुद्धा सांगणार नाही. यांनी काढलं असेल. चाव्या यांच्याकडे होत्या.

मिस्त्री : तेव्हाही अगदी हेच वाक्य होतं. बारा वर्षांत एक शब्द बदलला नाही.

भाऊ : मिस्त्री, अण्णांनी तुमच्यावर उपकार केले. तक्रार केली नाही. म्हणाले, एकतीस वर्षं काम केलंय, जाऊ दे म्हाताऱ्याला. अख्खी गल्ली म्हणत होती, दुसरा कोणी असता तर बेड्या पडल्या असत्या.

मिस्त्री : हो. त्यांच्या मोठेपणाचं फार कौतुक झालं. तो हातोडा द्या, ताई. आणि ही पुली घट्ट धरा.

(पुली सुटते. झाकणाचे बोल्ट एकेक करून डब्यात पडतात. ताई झाकण उलटं करून फडक्याने पुसते आणि पुसतच राहते.)

भाऊ : काय आहे त्यात एवढं?

ताई : त्रिकोण आहे.

भाऊ : काय?

ताई : त्रिकोण. तुझा. त्याच्याखाली तारीख. नऊ, सहावा महिना, बारा वर्षांपूर्वीचं साल. त्याखाली दोन रेघा. अण्णांनी चेन बदललीय, ही बघ, चेन नवी आहे. गाडी सुरू केल्याबरोबर त्यांना वेगळा आवाज आला असणार. त्यांनी झाकण उघडलं, तू बसवलेली खिळखिळी चेन काढली, नवी घातली. आणि तुझी खूण कोरली.

भाऊ : ते काहीही कोरू शकतात. चेन मी घातली होती म्हणून असेल.

ताई : चेन तू घातलीस? म्हणजे इंजिन तू बसवलंस.

भाऊ : मी तसं म्हटलं नाही.

मिस्त्री : आत्ताच म्हटलंत. असू दे. ताई, तारीख परत वाचा.

ताई : नऊ. सहावा महिना.

मिस्त्री : त्या कपाटातला वरचा खण उघडा. बेअरिंगच्या खोक्यांखाली एक पाकीट आहे. त्यातला कागद वाचा. मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचाय.

ताई : "आजपासून आपण कामावर येऊ नये. कारण आपणांस माहीत आहे." खाली अण्णांची सही. तारीख एकवीस. महिना तोच. सालही तेच.

मिस्त्री : नऊ आणि एकवीस. मधे बारा दिवस गेले. आणि चुकीखाली तारीख कोणत्या दिवसाची घालायची, हा नियम तुम्हाला माहीत आहे.

ताई : सापडली त्या दिवसाची.

मिस्त्री : तर नऊ तारखेला त्यांना सापडलं. बारा दिवस ते माझ्यासोबत चहा प्यायले. एक दिवस माझ्या डब्यातली भाजी खाल्ली, म्हणाले, मीठ बेताचं आहे. आणि एकवीस तारखेला हा कागद. मी बारा वर्षं विचार करत होतो की त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल. कुठे कमी पडलो, कधी संशय आला. रात्ररात्र बसून मी माझीच एकतीस वर्षं तपासली. आणि त्यांना माझा संशय एक दिवससुद्धा नव्हता.

भाऊ : अण्णांना माहीत होतं?

ताई : तुझीच खूण कोरलीय, राजा.

भाऊ : पण ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत. शेवटपर्यंत समोर बसून जेवले. माझ्याकडे बघून म्हणायचे, वाढा याला अजून. मला दुकान टाकायचं होतं, ते ऐकत नव्हते. सगळे सुटे भाग इथेच करायचे, बाहेरची इंजिनं आणायची नाहीत, असा हट्ट. एक शौकीन माणूस दारात उभा होता, त्याला त्याच मॉडेलचं मूळ इंजिन हवं होतं. म्हटलं अण्णा आता काय उठतात, गाडी काय चालवतात. डॉक्टर तसंच म्हणाले होते. मग ते उठले.

ताई : तुझी पंचाईत झाली, ते उठले म्हणून.

भाऊ : तू शब्द वाकडे करू नकोस. आणि मी मिस्त्रींना काढा असं कधीच म्हटलं नाही. शपथेवर सांगतो. अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणी केलं? मी एवढंच म्हटलं की चाव्या यांच्याकडे होत्या. पुढचं त्यांनी ठरवलं.

मिस्त्री : हे मात्र खरं आहे. पुढचं त्यांनीच ठरवलं.

ताई : मूळ इंजिन आता कुठे आहे?

भाऊ : नाहीये.

ताई : नाहीये म्हणजे?

भाऊ : त्या माणसाने एका उन्हाळ्यात पाणी न बघता चालवलं. ब्लॉक तडकला. भंगारात घातलं त्याने. मला नंतर कळलं.

ताई : एवढंच राहिलं होतं.

भाऊ : झालं ते झालं, ताई. मी नाही म्हणत नाही, चुकलं माझं. मिस्त्री, तुम्हाला काय लागेल ते सांगा, मी मागे हटणार नाही. पण ते झाकण इकडे दे. दोन मिनिटं ग्राइंडर फिरवतो. उद्या कोणाच्या हाती पडलं तर? माझ्याकडे लोक विश्वासाने येतात. इंजिनाचा धंदा सगळा नावावर चालतो.

मिस्त्री : तुम्हाला हे आज कळलं का?

ताई : झाकणाला हात लावू नकोस. मी हे गल्लीत प्रत्येक दुकानात नेऊन दाखवणार आहे. एकेकाच्या नाकासमोर धरणार आहे. कागदही दाखवणार आहे.

भाऊ : दाखव ना. आणि काय म्हणशील? माझा भाऊ चोर, की माझा बाप खोटारडा? कारण एक दाखवलंस की दुसरं दिसणारच. दोन रेघा काही मी कोरल्या नाहीत. विचार कर आणि मग फोन कर. मी निघतो.

ताई : निघ.

मिस्त्री : दार ओढून घ्या जाताना. नेहमी उघडं असतं, आज ओढा.

ताई : गेला. त्याची मान बघितलीत? ताठ होती अजून.

मिस्त्री : कोणी कधी वाकवलीच नाही.

ताई : बसते मी आता.

मिस्त्री : बसा.

ताई : मला इतके दिवस वाटायचं, गॅरेज त्याला दिलं ते समाजाच्या रीतीने, आणि गाडी मला दिली ती मनापासून. त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू. वाटलं, शेवटी का होईना, मानलं मला.

मिस्त्री : मानलं असेलच. हे झाकण उघडेल असा हात घरात एकच आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ताई : म्हणजे स्वतःच्या तोंडाने बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून माझ्या अंगावर टाकून गेले. मेल्यावर कळू दे, मला नको बघायला. त्याला गॅरेज, मला त्याचं पाप, आणि तुम्हाला तो कागद. काय वाटणी केलीय.

मिस्त्री : रागवा. मला बरं वाटतंय कोणीतरी रागावलेलं बघून. माझा राग केव्हाच शिळा झाला.

ताई : तुम्ही म्हणाल तर मी खरंच दाखवते सगळ्यांना. बापाचं नाव गेलं तर जाऊ दे.

मिस्त्री : कोणाला दाखवणार? मला चोर म्हणणाऱ्यांतले निम्मे गेले. जे राहिले त्यांना का ते आठवत नाही, याला इंजिन द्यायचं नाही एवढंच आठवतं. आणि जिला दाखवायला हवं होतं, ती चार वर्षांपूर्वी गेली.

ताई : काकू?

मिस्त्री : आज पहिल्यांदा काकू म्हटलंत. मी अजून मिस्त्रीच.

ताई : काका.

मिस्त्री : ती कागद आल्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेली होती. मला न सांगता. आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं तिने. म्हणाली, मी एकदा त्यांच्या डोळ्यांत बघून विचारते. परत आली आणि म्हणाली, अण्णा झोपले होते.

ताई : मी होते तेव्हा माहेरी.

मिस्त्री : ठाऊक आहे. दार तुम्हीच उघडलंत.

ताई : मी त्यांना पाणी दिलं. ओट्यावर बसवलं. आत गेले तर अण्णा पलंगावर बसलेले, पेपर हातात. मला बघून म्हणाले, झोपलोय म्हणून सांग. मी सांगितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. काका, इंजिन तेव्हा आपल्या शेडमध्येच होतं. मी एक दिवस जरी हात घातला असता, नुसती कूस वाचली असती, हे बुश बघितलं असतं तरी मला कळलं असतं. लाटा मी लगेच ओळखल्या असत्या. आत्ताही ओळखल्या, आणि तुम्हाला म्हटलं, कोणीही करेल. मी उघडलंच नाही. सासरी जायची गाडी होती संध्याकाळची. आणि खरं सांगू? तुम्ही चोर असणं सोपं होतं. तुम्ही नसता तर मग घरातलंच कोणीतरी होतं.

मिस्त्री : हे मला ऐकायचं होतं. ते दोन चोर मला ठाऊक होते, म्हणजे एक ठाऊक होता आणि एक आज कळला. तुझा हिशेब लागत नव्हता. तुझा हात मी घडवला होता, पोरी. मला वाटायचं, जग काही म्हणू दे, ती एकदा इंजिन उघडेल.

ताई : माफी मागायला तोंड नाही मला.

मिस्त्री : मागू नकोस. मी देणार नाही, आणि मग आपण दोघंही अवघडून बसू. ते झाकण इकडे आण. डब्यात कोरणी आहे, पेन्सिलीसारखी, टोकाला पोलाद. ती घे.

ताई : कशाला?

मिस्त्री : या झाकणात एकच चूक लिहिलीय. त्याची. बाकीची राहिलीय. दोन रेघा दुरुस्त करणाऱ्याच्या जागी आहेत, पण चेन सोडली तर त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. खालच्या खोडून टाक आणि वर कोर, चुकणाऱ्याच्या ओळीत, त्रिकोणाशेजारी.

ताई : त्यांची खूण मी कोरू?

मिस्त्री : त्यांच्या हाताने आता कोण कोरणार? दाबून काढ, पत्रा कठीण आहे. हां. आता तुझं अधिक.

ताई : त्याच ओळीत?

मिस्त्री : त्याच ओळीत.

ताई : काढलं. खाली दुरुस्त करणाऱ्याची जागा मोकळी राहते, काका. तुमचा गोल काढू?

मिस्त्री : नको. यात मी काही दुरुस्त केलेलं नाही. मोकळीच राहू दे.

ताई : तारीख?

मिस्त्री : आजची घाल. आणि मग झाकण लाव, चेनवर धूळ बसतेय.